शुभेच्छांच्या चौकटीतली बातमी

वैशाली नगर, भिलाई
१२ जुलै १९८२

बाई,

नमस्कार खाली लिहितो. आधी हे सांग, का माह्या कामाले तू दर पत्रात 'रिकामं काम' कावून म्हणते. पोळ्याले म्हणलं, संक्रांतीले म्हणलं, आता पुन्हा लिहिलं. वरून असं, का पेपरात आहे म्हणून गावभर मिरवते, तं तुह्या भाऊजीची एक ओळ छापून दाखव.

मे महिन्यात भाऊजीचा उजवा हात क्रशरच्या पट्ट्यात गेला, दोन बोटं तिथंच राहिली, हे मी विसरलो असं तुले वाटते का? दवाखान्यात सहा दिवस त्यायच्या उशाशी मीच होतो. ठेकेदार देवरावचा मुनीम आला आणि म्हणला, का जामुल रोडच्या आमच्या क्रशरवर फकिरा चुटे नावाचा मजूर कधी नव्हताच, हजेरीपट पाहून घ्या, तेही मीच ऐकलं. भाऊजी त्या क्रशरवर अडीच वर्षं गिट्टी उचलून राहिले होते. मलेही त्यायनंच तिथं लावून देल्लं होतं. मी अकरा दिवसांत पळालो, हे खरं आहे. पण तू जे लिहिलं, का मी पळालो नसतो तं पट्टा बंद कराले जवळ कोणी असतं, ते वाचून मी दोन दिवस डबा खाल्ला नाही. असं लिहीत जाऊ नको.

आता काम काय आहे ते ऐक. आमचा पेपर म्हणजे साप्ताहिक 'ललकार'. मालक, संपादक, मुद्रक, प्रकाशक, सगळे भैय्याजीच. चार पानं, तीन हिंदी, शेवटचं मराठी, कारण इथं आपल्याकडचे लोक लई आहेत आणि त्यायले मतं आहेत. मी खिळे जुळवतो. चौथी नापास पोरगा अक्षरं कशी जुळवते म्हणून तू हसशील. पण खिळ्यावर अक्षर उलटं राहते, आणि मले उलटं भराभर वाचता येते. सुलट्यातच अडकतो. शालिकराम मशीन चालवते, त्याले दोन्ही येत नाही, म्हणून त्याले झोप चांगली लागते.

पेपराच्या डोक्यावर लिहिलं राहते, 'जिल्ह्यात सर्वाधिक खप'. छापतो शंभर. त्यातले ऐंशी जाहिरातवाल्यायले जातात, का बापा पाहून घ्या, तुमचा फोटो आला. दोन अंक दर सोमवारी मी सायकलनं दुर्गच्या सरकारी हापिसात नेऊन देतो, कायद्यानं द्यावेच लागतात. तिथं सुशीला मॅडम आहेत, गोंदियाच्या. पेपरात कोणाची तक्रार निघाली तं तिचं कात्रण काढायचं, ज्या हापिसाचं काम त्याले पाठवायचं आणि पंधरा दिवसांत उत्तर मागायचं, हे त्यायचं काम. कैची आहे, डिंक आहे, मोठं रजिस्टर आहे. आमच्या पेपराची कैची चार वर्षांत उघडली नाही. मॅडम विचारतात, "आज काही आहे का रे?" मी म्हणतो, "नाही मॅडम, शुभेच्छा आहेत." मंग त्या रजिस्टरात 'निरंक' लिहितात आणि मले पाणी देतात.

ठेकेदार देवरावचा फोटोचा ब्लॉक आमच्या प्रेसमधीच राहते. वाढदिवसाले तोच, गणपतीले तोच. त्याची आई वारली तेव्हा भैय्याजीनं भोवती काळी चौकट लावून तोच छापला. फोटोत देवराव हसून राहिला आहे. कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण कोणी वाचतच नाही. त्याले आता चुनावात उभं राहायचं आहे, म्हणून नावापुढं 'समाजसेवी' लागून राहिलं.

तरी काल मी हिंमत करून भैय्याजीले भाऊजीची गोष्ट सांगितली. ते खुर्चीवरून उठून उभे राहिले. म्हणे, "देवानंद, याच्यासाठीच तं आपण पत्रकारितेत आलो." डोळ्यात पाणी होतं त्यायच्या. म्हणून भाऊजीचं नाव रेशनकार्डावर जसं आहे तसं, बापाच्या नावासकट, लिहून पाठवजो. मी माह्या हातानं जुळवतो.

तुम्हा दोघायले नमस्कार, ताराले पापा.

देवानंद


पिपरटोला, ता. आमगाव, जि. भंडारा
२५ जुलै १९८२

देवानंदले आशीर्वाद.

धानाचा रोवणा सुरू आहे. पाटलाच्या बांधीतल्या पाण्यात उभी राहून हात सडले, म्हणून अक्षर असं.

नाव मांगतलं, ते लिहून राहिली. फकिरा सुखराम चुटे. घे, लिहिलं. लग्नाले नऊ वर्षं झाली, मांडवात घेतलं ते घेतलं, त्याच्यानंतर मी हे नाव तोंडातून काढलं नाही. कागदावर तं पयल्यांदाच. लिहितानी पाठीमागं कोणी पायते का म्हणून दोन वेळा पाहिलं.

तुह्या सगळ्या पत्रातून मले एवढंच समजलं, का तुमच्या पेपरात हसणाऱ्या माणसाले मेलेल्याची चौकट लावतात आणि तुले पाणी फुकट भेटते. सरपंचाच्या घरी नागपूरचा पेपर येते, तिसऱ्या दिवशी. त्यात आपल्या तालुक्याचं नाव वर्षातून एकदा येते, पूर आला तं. मले पेपराची काही आशा नाही. पण असं पाय, मी त्यायचं नाव घेत नाही, रीत आहे. ठेकेदार म्हणते, असं नावच नाही. सासरे वरती गेले. मंग हे नाव घेणार कोण? तुह्या पेपरानं एक वेळ घ्यावं, एवढंच माह्यं म्हणणं आहे. पैशाचं मागून पाहू.

हे घरीच असतात. बैलाची दोरी डाव्या हातानं बांधता येते आता. सांजच्याले तारा पाटी घेऊन बसली का तिच्या बाजूला बसतात आणि डाव्या हातानं आपली सही काढतात. कधी अंगठा मारला नाही, आता कावून मारू म्हणतात. तारा म्हणते, बाबाचा फ उलटा आहे. तुले तं बरोबर वाटला असता.

पट्ट्याचं लिहिलं ते तुले लागलं, हे बरं झालं. लागावं म्हणूनच लिहिलं होतं. पण डबा खात जाय.

मनकर्णा


भिलाई
९ ऑगस्ट १९८२

बाई,

बातमी जुळली. मी जुळवली. भैय्याजीनं सांगितलं, मी खिळ्यावर खिळा ठेवत गेलो. तुले उतरवून पाठवतो:

'जामुल मार्गावरील क्रशरवर काम करताना फकिरा सुखराम चुटे (पिपरटोला, जि. भंडारा) यांच्या उजव्या हाताची दोन बोटे तुटली. अडीच वर्षे काम करूनही ठेकेदार देवराव यांनी हा मजूर आपला नसल्याचे सांगितले आहे. हजेरीपटावर नाव नाही. बोटेही नाहीत.'

शेवटली ओळ माह्यावाली आहे. भैय्याजी म्हणे, राहू दे, झणका आहे. प्रूफ काढलं, ओला कागद हातात घेऊन मी तीन वेळा वाचलं, सुलटं. भाऊजीचं नाव जाड टायपात आहे. जाड टायप आम्ही समाजसेवी लोकायलेच लावतो.

आता तू म्हणशील अंक कुठं आहे. त्याचं असं आहे, का पंधरा ऑगस्टचा अंक शुभेच्छांनी भरला. एक बोट जागा नाही. भैय्याजी म्हणतात, का बातमी छापायच्या आधी तिचं प्रूफ समोरच्या पार्टीले दाखवून तिची बाजू घ्यायची, हा पत्रकारितेचा नियम आहे. म्हणून एका माणसाच्या हातून प्रूफ देवरावच्या हापिसात पाठवलं. तिथून उत्तर आलं का पुढं पाहू. मोठी बातमी मोठ्या अंकात, म्हणजे दिवाळीले निघेल.

त्यायनं मले कार्डही दिलं. 'प्रतिनिधी, ललकार', खाली गोल शिक्का. सायकलच्या मडगार्डवर लाल रंगानं 'प्रेस' लिहून घेतलं. परवा शालिकरामले डबल सीट नेलं तं सुपेल्याच्या चौकात हवालदारानं पाहिलं आणि मान वळवली. अकरा दिवस क्रशरवर होतो तेव्हा माह्याकडे कुत्रंही पाहत नव्हतं.

मनीऑर्डरनं चाळीस रुपये पाठवले, भेटले असतील. भैय्याजी खुश झाले, त्यातले आहेत. भाऊजीले ताकदीचं औषध आणजो.

देवानंद


साप्ताहिक 'ललकार'
(निर्भीड, निःपक्ष, निरंतर)
भिलाई, दि. १४ सप्टेंबर १९८२

सौ. मनकर्णाताई चुटे यांस सप्रेम नमस्कार.

आपण पोळ्याच्या पाडव्याला थेट आमच्या नावे लिहिलेले पत्र पोहोचले. एका ग्रामीण भगिनीने संपादकास जाब विचारावा, याचा आम्हांस अभिमान वाटला. 'बातमी जुळली, मग छापत का नाही' हा आपला प्रश्न साधा आहे. पत्रकारितेतील उत्तरे मात्र साधी नसतात.

ताई, सत्य हे पाडाच्या आंब्यासारखे असते. झाडावरून उतरवले की लगेच खाऊ नये, अढीत घालावे. गेली चार वर्षे 'ललकार'ने अशी कितीतरी सत्ये अढीत घातली आहेत. शस्त्र म्यानात असते तोवरच त्याचा धाक असतो. आमची लेखणी कोणाची मिंधी नाही, हे आम्ही दर अंकात मस्तकाखाली छापतोच.

आपल्या समाधानासाठी कळवितो की या प्रकरणाचा परिणाम झालेला आहे. मा. देवरावजींनी प्रूफ वाचून कोणताही राग न धरता दीपावली विशेषांकाचे संपूर्ण मराठी पृष्ठ शुभेच्छांसाठी आरक्षित केले व रक्कम आगाऊ पाठवली. एवढ्या उमद्या मनाच्या माणसाविरुद्ध लगेच लिहिणे आम्हांस प्रशस्त वाटेना. आपले बंधू देवानंद यांचे येथे कौतुक करावेसे वाटते. प्रूफ घेऊन ते स्वतः गेले आणि जाहिरात घेऊन आले. पहिल्याच फेरीत पूर्ण पान, हे अनुभवी प्रतिनिधींनाही साधत नाही. नियमाप्रमाणे दहा टक्के कमिशन, रुपये चाळीस, त्यांना त्याच दिवशी रोख दिले आहे. मुलगा पुढे जाईल.

आपल्यासारख्या जागरूक वाचकांच्या बळावरच हे व्रत चालते. वार्षिक वर्गणी बारा रुपये आहे. पाठविल्यास अंक टपालाने येईल.

आपला,
भैय्याजी
संपादक


पिपरटोला
२२ सप्टेंबर १९८२

देवानंद,

तुह्या संपादकाचं पत्र सोबत ठेवलं आहे. वाच. अडलं तं शालिकरामले विचारू नको, त्याले झोप लागू दे.

'एका माणसाच्या हातून प्रूफ पाठवलं', असं तू लिहिलं होतं. तो माणूस मी आता ओळखला.

त्या चाळिसाचं औषध आणलं होतं. अर्धी बाटली पोटात गेली, अर्धी फळीवर आहे. फेकली नाही, औषधाचा काय गुन्हा. चाळीस परत करून राहिली, माह्या रोवण्याच्या मजुरीतले आहेत. ह्यायले काही सांगितलं नाही. ते रोज विचारतात, देवानंदचा पेपर कधी येते. काल त्यायनं आपल्या सहीचा कागद खिशात घालून ठेवला, का पेपर आला तं नावाशी नाव लावून पाहू.

पट्ट्यातून तू हात ओढला नाहीस, ते मी विसरत आली होती, कारण तू तिथं नव्हताच. या वेळी तू तिथं होता.

उत्तर पाठवू नको. नाव छापलं तं अंक पाठवजो. नाही छापलं तं माह्या दारात तुहा कागद नको.

मनकर्णा


भिलाई
२३ नोव्हेंबर १९८२

बाई,

तू म्हणलं तसं दोन महिने उत्तर देल्लं नाही. आता अंक आहे, म्हणून लिहून राहिलो. दिवाळी विशेषांक, शेवटचं पान. आधी ते पाय, मंग हे वाच.

पाहिलं? आता सगळं सांगतो.

प्रूफ घेऊन मीच गेलतो. भैय्याजी म्हणे, बाजू घ्यायची आहे, जाऊन ये. मले खरंच वाटलं बाजू घ्यायची आहे. देवरावनं बसाले खुर्ची देली, चहा मांगवला. कागद वाचला आणि हसला, ब्लॉकातल्या सारखाच. म्हणे, "शेवटली ओळ चांगली आहे, कोणाची?" मी म्हणलो, माह्यी. मंग त्यानं विचारलं, "हा फकिरा तुह्या नात्यातला आहे का?"

मी म्हणलो, नाही.

कावून म्हणलो ते आजपर्यंत मले उमगलं नाही. खुर्ची होती, चहा होता, खिशात कार्ड होतं. देवरावनं भाऊजीले एकदा नाही म्हणलं, दुसऱ्यांदा मी म्हणलो. मंग त्यानं पुऱ्या पानाचा भाव विचारला, पैसे मोजले, आणि मी सायकलवर बसून आलो. रस्त्यानं शीळही वाजवली. तेव्हा समजलं, का भैय्याजीच्या सगळ्या बातम्या अशाच असतात. छापण्यासाठी नाही, दाखवण्यासाठी. जुळवायची, प्रूफ काढायचं, पार्टीले दाखवायचं, जाहिरात आली का खिळे परत खणात टाकायचे. एवढ्या दिवसांत ज्या बातम्या मीच जुळवल्या आणि मीच मोडल्या, त्या जर निघाल्या असत्या तं सुशीला मॅडमची कैची बोथट झाली असती.

भाऊजीची बातमीही मोडाले सांगितलं होतं. ती मी मोडली नाही. सुतळीनं बांधली आणि खणाच्या खाली, जुन्या ब्लॉकांच्या मागं ठेवून देल्ली. त्यात काही शूरपणा नव्हता. मोडायले हात गेला नाही, एवढंच. मंग तुहे चाळीस आले.

दिवाळीचा अंक बारा पानांचा. मी दोन दिवस जागा शोधून राहिलो. पण भैय्याजीनं कडेची पट्टी पण विकली होती, मिठाईवाल्याले. साऱ्या अंकात रिकामी जागा एकच होती, देवरावच्याच पानावर. पान मोठं, ब्लॉक लहान, खाली तीन ओळी शुभेच्छा, आणि त्याच्याखाली वीतभर कोरं. भोवती वेलबुट्टीची चौकट. भैय्याजी दुपारी वसुलीले सुपेल्याले गेले. मी सुतळी सोडली आणि बातमी त्या चौकटीत, शुभेच्छांच्या खाली बसवली. दुसरीकडे ठेवायले जागाच नव्हती बाई, नाहीतं मी असलं काही केलं नसतं.

शालिकरामनं चौकट हातानं चाचपली. म्हणे, "हलत नाही ना?" मी म्हणलो, नाही. त्यानं मशीन सुरू केलं.

तुह्या चाळिसाचा कागद आणला. शंभराच्या वर नुसत्या त्या पानाचे जेवढे निघाले तेवढे काढले, साडेतीनशे असतील. दुसऱ्या दिवशी जामुलच्या बस थांब्यावर उभा राहून वाटले. लोक घेत होते, फुकट आहे म्हणून. एकानं सीटवर अंथरला. भजेवाल्यानं पन्नास एकदम मांगतले, म्हणे कागद जाड आहे, तेल खाली येत नाही. भाऊजीच्या नावावर गरम भजे ठेवून लोक खाऊन राहिले होते. एकानंही वाचलं नाही. मी एकाले बोट ठेवून दाखवलं, तं तो म्हणला, "हाव ना, देवरावजी आहेत, ओळखतो."

भैय्याजीनंही वाचलं नाही. आपला पेपर वाचायची त्यायले सवय नाही. देवरावच्या घरी दहा अंक मीच नेऊन देल्ले. त्यानं फोटो पाहिला, म्हणे, या वेळी नाक बरं उमटलं, आणि चिवडा देल्ला. मी खाल्ला नाही. हे एक मी बरोबर केलं.

मंग काल सोमवार. दुर्गले गेलो. मॅडमनं रजिस्टर उघडलं, 'नि' लिहूनही टाकला आणि विचारलं, "काही आहे का रे?" मी म्हणलो, "आहे मॅडम. शेवटचं पान." त्यायनं चष्मा लावला. वाचलं. पुन्हा वरून वाचलं, फोटोपासून. म्हणे, "ही बातमी आहे का जाहिरात?" मी म्हणलो, "चौकटीत आहे मॅडम." त्यायनं बराच वेळ कैची शोधली, टेबलाच्या मागं पडली होती. मंग अख्खं पान कापलं, चौकट, फोटो, शुभेच्छा, बातमी, सगळं. 'नि' खोडला. उतारा हिंदीत करून मजूर हापिसाले पाठवते म्हणाल्या. पाणी देल्लं, आणि विचारलं, "हा फकिरा तुझा कोण?"

मी म्हणलो, माह्या बाईचा नवरा.

पुढं काय होते ते माहीत नाही. काही होणारही नाही कदाचित. पण नाव आलं.

देवानंद


पिपरटोला
२९ डिसेंबर १९८२

देवानंदले आशीर्वाद.

अंक भेटला तेव्हा ह्यायनं खिशातला कागद काढून नावाशी नाव लावून पाहिलं. म्हणे, माह्यापेक्षा पेपरातलं सरळ आहे. ती चौकट मी देवाच्या फोटोपाशी ठेवणार होती, पण वरती देवराव हसून राहिला आहे, म्हणून पेटीत ठेवली.

दहा तारखेले देवरावचा मुनीम जीप घेऊन आला. संगं मजूर हापिसाची नोटीस. सरपंचानं वाचून दाखवली. लिहिलं होतं, का आपण आपल्या दीपावलीच्या जाहिरातीत स्वतः जाहीर केल्याप्रमाणे सदर मजुराचा अपघात झाला व त्याचे नाव हजेरीपटावर घेतलेले नव्हते, तरी चोवीस तारखेस हजर राहून खुलासा करावा. मुनीम म्हणे, दोनशे घ्या आणि इथं सही करा, का आम्ही क्रशर पाहिलाही नाही. हे सही कराले कलम उचलूनही राहिले होते, नवीन सही आली आहे तं कुठंतरी करून पाहावी म्हणून. मी कलम काढून घेतलं. म्हणलं, सही होईल ती हापिसात.

चोवीसले दुर्गले गेलो. तू दिसला नाहीस.

बाकावर बसलो होतो. चपराशी बाहेर आला आणि जोरानं हाक मारली, "फकिरा सुखराम चुटे." हे उठले नाहीत. त्यानं पुन्हा मारली. मी कोपर मारलं तरी उठत नव्हते. तिसऱ्या हाकेले उठले. आत जातानी मले म्हणे, घाई काय आहे, ऐकून घेऊ दे.

दार उघडंच होतं. साहेबाच्या टेबलावर ते पान होतं, गोंद लावलेलं. साहेबानं देवरावले विचारलं, "फोटो तुमचा?" म्हणे हो. "शुभेच्छा तुमच्या?" हो. "पानाचे पैसे तुम्ही दिले?" तुह्या भैय्याजीलेही बोलावलं होतं, त्याची पावती साहेबापाशी होती. हो म्हणावंच लागलं. "मग खालचं?" देवराव म्हणे, "वरचं माझं, खालचं नाही." साहेब म्हणे, "पैसे भरलेल्या चौकटीत दुसऱ्याचं कसं आलं? प्रेसवर तक्रार केली का?" देवरावनं भैय्याजीकडे पाहिलं. भैय्याजीनं पंख्याकडे पाहिलं. तक्रार केली असती तं ऑगस्टमधलं प्रूफ निघालं असतं, एवढं मले बाकावरूनही समजत होतं. मंग देवरावनं हसू आणलं आणि म्हणला, का हो साहेब, मजूर माझाच, मीच मोठ्या मनानं जाहीर केलं होतं.

भरपाई चार हप्त्यात ठरली. पयला हप्ता तिथंच भेटला. सही डाव्या हातानं केली. फ सुलटा आला.

तू बातमी त्याच्या चौकटीत टाकली, ते अक्कलेनं टाकली का जागा नव्हती म्हणून, हे मी कोणाले सांगितलं नाही. सरपंच म्हणते, पोट्टा हुशार आहे.

फळीवरली अर्धी बाटली संपली. आता कुठं आहेस, काय खाऊन राहिला, ते लिही.

मनकर्णा


दुर्ग
६ जानेवारी १९८३

बाई,

मी होतो. हापिसाच्या समोर पानठेला आहे, त्याच्या मागं सायकल घेऊन उभा होतो. तू बोलवशील का नाही याचा अंदाज येत नव्हता, म्हणून आत आलो नाही. चपराशाची हाक तिथवर आली. तिन्ही वेळा. पानवाला म्हणे, कोण बहिरा आहे बापा. मी म्हणलो, माहे भाऊजी आहेत, ऐकून राहिले आहेत.

भैय्याजीनं मले नोटीस आली त्याच दिवशी काढलं. कार्ड मांगून घेतलं. पंधरा दिवसांची मजुरी कागदाच्या नासाडीत कापली. चोवीस तारखेच्या नंतर त्यायचं मन फिरलं. एक तारखेले वैशाली नगरात त्यायचा सत्कार झाला, 'शोषित मजुराला न्याय मिळवून देणारे निर्भीड संपादक'. शाल, नारळ. अध्यक्ष देवरावजी. भाषणात देवराव म्हणला, का पत्रकार आणि समाजसेवक एकाच गाडीची दोन चाकं आहेत, आणि सगळ्यायनं टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या, मागं उभा राहून. पुढच्या अंकात पहिल्या पानावर बातमी आहे. फोटो तोच ब्लॉक.

कार्यक्रमानंतर भैय्याजीनं मले बाजूला घेतलं. म्हणे, झालं गेलं सोड, तुले सहसंपादक करतो, कमिशन पंधरा टक्के. मी विचारलं, आता बातम्या छापायच्या का दाखवायच्या? ते म्हणे, पोरा, तू अजून शिकला नाहीस.

नाही शिकलो. इथं दुर्गले एका प्रेसमधी लागलो आहे, लग्नपत्रिका छापतो. आजी, आजोबा, मामा, आत्या, चिमुकल्या पोरांची नावं, जेवढी जुळवली तेवढी सगळी छापून निघतात. एक राहिलं तं लोक भांडाले येतात. शालिकरामले पण इकडे बोलावून घ्यायचं आहे. मालक बरा आहे, पण मी किती दिवस टिकीन ते विचारू नको. डोक्यात चार पानांचा एक विचार फिरून राहिला आहे, त्याले नावही सुचलं आहे. तू पुन्हा 'रिकामं काम' म्हणशील, म्हणून आत्ता लिहीत नाही.

सायकलवरचं 'प्रेस' घासून काढलं. लाल रंग पुरा जात नाही. चौकात हवालदार अजून मान वळवते, त्याले काय सांगू.

डबा खातो.

या वेळची मनीऑर्डर तुह्या नावानं केली नाही, भाऊजीच्या नावानं केली आहे. पोस्टमन दारात उभा राहून पुऱ्या नावानं हाक मारील. पयल्या हाकेले त्यायले उठवू नको. सही डाव्या हातानं करू दे. कमिशनचे नाहीत, पत्रिकांच्या मजुरीचे आहेत, नऊ दिवसांचे, डबा वजा करून. रुपये सत्तावीस.

देवानंद